मूठभर चिंच आणि एक शिफारस

मी चित्रकलेचा मास्तर झालो नाही, याला मूठभर चिंच जबाबदार आहे.

छप्पन्न सालची गोष्ट. बेंगळुरातल्या एका शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी होती. व्हाइटफील्डला एका दिवंगत गोऱ्या चित्रकाराची बायको राहायची. तिने चिठ्ठी दिली की नोकरी पक्की! तीन वर्षं घरी बसून खाणाऱ्या मला आणखी काय हवं? सोबत थोरली बहीण, अक्का, निघाली. (मी एकटा गेलो तर काहीतरी घोळ घालीन, असं तिचं मत. म्हणजे बघा!) स्टेशनावरून चालताना झाडाखालची चिंच तिने पदरात बांधून घेतली.

चित्रकाराने ते घर स्वतःच्या हाताने सजवलेलं. खुर्च्या, पडदे, अगदी दाराच्या कड्यासुद्धा!

"इथे यंत्राने केलेली एकही वस्तू नाही," मड्डम तोडक्या कन्नडात म्हणाली. "हाताने काम करण्यात केवढा आनंद असतो!"

"आमच्याकडेही सगळं हातानंच," अक्का माझ्या कानाशी पुटपुटली. "दळण, धुणं, भांडी. आनंदाचं कुणी बोललं नव्हतं."

"गप गं! ही कला आहे!"

मड्डम चहा करायला आत गेली. कोपऱ्यात तांब्याची मोठी फुलदाणी होती. काळपट हिरवी, अंगभर हातोडीचे ठोके.

"हे असं खडबडीत का रे?"

"अर्धवट राहिलंय," मी जाणकारासारखा म्हणालो. "बिचारा मध्येच गेला."

"आणि हे किटण?"

"एकट्या बाईला एवढं घर कुठं झेपणार?" आणि तेवढ्यात मला ती दिव्य कल्पना सुचली. "अक्का, चिंच आहे ना? घासून टाक! मड्डम खूश, चिठ्ठी हातात!"

"सरी, घासते. स्वल्प पाणी आण."

मी बागेतून पाणी आणलं, अक्काने पदर खोचला. पाच मिनिटांत फुलदाणी लग्नातल्या घंगाळासारखी लखलखली! मी ती मुद्दाम खिडकीशी ठेवली, मड्डमच्या नजरेतून सुटायला नको म्हणून.

सुटली नाही. मड्डमने चहाचा ट्रे दारातच खाली ठेवला.

"तो हिरवट रंग चढावा म्हणून माझा नवरा वीस वर्षं थांबला होता," ती म्हणाली. "कुणाला हात लावू दिला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र शांतपणे म्हणाली, "चुकलं, अम्मा. हात माझे, अक्कल याची."

मड्डमने फुलदाणी उलटसुलट करून पाहिली, मग अक्काचे हात पाहिले. टेबलाशी बसून तिने चिठ्ठी लिहिली आणि लखोटा बंद करून माझ्या हाती दिला. मी तो छातीशी धरून घरी आलो. वाटभर अक्काला ऐकवत होतो, "याला म्हणतात मोठं मन!"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली : ‘या बाईंच्या हातात कसब आहे. त्यांना हस्तकलेला घ्यावे. त्यांच्या भावाला कोणतेही काम द्यावे, फक्त कलेपासून लांब ठेवावे.’

शाळेने दोन्ही गोष्टी मानल्या. अक्का हस्तकला शिकवू लागली, मी ऑफिसात कारकून झालो. तिच्या वर्गातले रंगाचे वाडगे धुवायला माणूस कमी पडला की मला बोलावणं यायचं. चिंच न आणण्याच्या अटीवर!