म्हात्रेकाकांची अर्धी स्क्रीन

आमच्या सातिवलीच्या गोदामातून माल रोज जातो, किस्से मात्र इथेच साचतात. मी चौथी पास, चहापाणी बघतो. त्यामुळे ऐकायला वेळ भरपूर!

*

आमच्या मालाची नोंद ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर चढते, तो मुंबईला आहे. इथे नुसत्या स्क्रीन, काळ्यावर हिरवी अक्षरं. प्रोग्रॅम सांभाळणारे साठेसाहेब आले, तेव्हा मी विचारलं, "एकटा इतक्या लोकांशी बोलतो कसा?"

"नाना, तो बोलत बसतच नाही. एंटर दाबलं की काम करतो, उत्तर देतो आणि माणसाला विसरतो. पुढच्या वेळेसाठी एक चिठ्ठी ठेवतो."

"बाजारात बायकोच्या चिठ्ठीशिवाय माझंही तसंच होतं!"

*

उत्तर येईपर्यंत कीबोर्ड अडतो आणि खाली छोटं घड्याळ दिसतं. ते पहिल्यांदा पाहून आमचे जुने स्टोअरकीपर म्हात्रेकाका डबा उचलून निघाले.

"कुठे चाललात?" मी विचारलं.

"मशीनच घड्याल दाखवतंय. सुटली ड्युटी!"

*

सुनीताताई स्क्रीनवर माल चढवायला तीन महिन्यांच्या बोलीवर आली. घरी नवऱ्याचं काम सुटलेलं. रोज तीन वाजता तिची स्क्रीन अडायची, गाडी दारात उभी. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर दुसरं माणूस."

साठेसाहेबांनी तिची स्क्रीन तपासली. काहीच बिघाड नाही! मी हळूच म्हटलं, "साहेब, तीनला मी म्हात्रेकाकांना चहाला हाक मारतो. ते स्क्रीन अर्धी भरून तसेच उठतात."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, काकांची ती एकच जुन्या पद्धतीची स्क्रीन माणसाला विसरत नाही! काका एंटर दाबेपर्यंत त्यांनी उघडलेला माल दुसऱ्या कोणाच्या स्क्रीनला मिळत नाही."

काकांना यात काही चूक दिसेना. "रजिस्टर माझ्या काखेत असलं की सगले थांबायचेच की!" मग सुनीताताईचे पाणावलेले डोळे दिसले आणि काकांनी हातातला कप खाली ठेवला.

साहेब मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. शनिवारी ताईला कायम केलं.

सोमवारी तीनला मी चहा घेऊन दारात उभा. काका सवयीने उठले.

सुनीताताई मान वर न करता म्हणाली, "काका, आधी एंटर!"

काका बसले. एंटर दाबलं. उत्तर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबले. मग हळूच विचारलं,

"मॅडम, आता पिऊ?"