न तुटलेले पाय

बरणीचे झाकण उघडण्यापूर्वी भिवाकाका चपला बाजूला काढून ठेवत. परळच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई होते, मूळचे मालवणकडचे. मी तिथे नवा शिक्षक. कुणी हसले तर म्हणत, "पावणो आसा तो. लांबसून इलोहा."

पाहुणा म्हणजे खोल समुद्रातला राजखेकडा. उजेड जिथे कधीच पोचत नाही अशा थंड पाण्यातला. जहाजावरच्या कुणा इंजिनिअरने तो मेलेला खेकडा कॉलेजला दिला होता; पिंपाएवढ्या काचेच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये तो ठेवला होता. अंगभर काटे, ताटाएवढी पाठ, लांबच लांब पाय. त्याच्यापुढे उभे राहिले की आपला आवाज आपोआप खाली येई.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. हरताळामुळे कॉलेज आठवडाभर बंद राहिले. उघडल्यावर आमच्या विभागप्रमुख सरांनी मला सगळे नमुने तपासायला सांगितले. खेकड्याला नांग्या धरून दहा पाय, हे मी पुस्तकात शिकलो होतो. मोजले, तर आठच. मी तसे सांगितले. किल्ल्या भिवाकाकांकडे असत, आणि ते मोर्च्यांना जात. मन मोर्च्यात असले की हातातली वस्तू पडायचीच, असे सर म्हणाले. दोन पाय संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत, तर काकांनी उद्यापासून येऊ नये.

काकांनी वाद घातला नाही. मला बरणीपाशी बोलावले. लहानपणापासून किनाऱ्यावरच्या खडपात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडलेला माणूस तो.

"मास्तर, पाय तुटलो तर खूण रवता. हय खूण खंय आसा?"

खूण नव्हती. त्यांनी पाठीच्या कवचाची मागची कड बोटाने किंचित उचलली. आत, कल्ल्यांपाशी, काडीसारखे दोन पाय दुमडून ठेवलेले होते. मी कपाटातला जाड ग्रंथ काढून पाहिला. या जातीत ते पाय कल्ले साफ ठेवतात. एवढ्या पाण्याखाली, त्या काळोखात, कुणाला न दिसता श्वासाची वाट झाडत राहणारे पाय.

मग काका म्हणाले, "तुमीच सांगा सरांक. माझा कोण आयकतलो?"

मी सांगितले. सरांनी माझी पाठ थोपटली, प्राचार्यांपुढे माझ्या नजरेचे कौतुक केले. काकांची नोकरी राहिली. ते दाराशी उभे राहून ऐकत होते, हसत होते. पाय काकांनी दाखवले, हे मी सांगितले नाही. पुढे कित्येक वर्षे वर्गातही "मला दिसले" असेच सांगत आलो.

गेल्या महिन्यात भोईवाड्यात काका वारले.

ते पाय मला दिसले नव्हते. मी फक्त आठ मोजले होते.