पाचवीच्या दिवशी भरलेला फॉर्म

फेब्रुवारी १९९६. विम्याची रक्कम पन्नास हजार रुपये. कतारगामच्या यंत्रमाग-वस्तीतल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही चौघं होतो: मी, आमचे एजंट जयेशभाई, मयत लूम-कारीगराची आई भागाबाई आणि त्याची बायको सुनंदा. सुनंदाच्या मांडीवर सव्वा वर्षाचा मुलगा झोपला होता.

मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात होतो. पॉलिसी काढल्यावर दोन वर्षांच्या आत माणूस गेला, तर आम्ही घरी जाऊन चौकशी करतो. हा सव्वा वर्षात लिव्हरच्या आजारानं गेला होता. हॉस्पिटलच्या पेपरवर लिहिलं होतं, पूर्वी जॉन्डिस झालेला. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विमा घेतानाच्या अर्जावर, जॉन्डिसपुढे ‘नो’ होतं.

शाहसाहेब, आमचे मॅनेजर, निघताना म्हणाले होते, “कुलकर्णीभाई, एक जागी हां लिखा है, एक जागी ना. जाऊन काय बघणार?”

“बघून येतो,” मी म्हणालो.

फॉर्ममधली आजारांची यादी इंग्रजीत असते. एजंटनं ती ग्राहकाच्या भाषेत समजावायची आणि तसं समजावल्याची खाली सही करायची. जयेशभाईंची सही होती.

मी भागाबाईंना विचारलं, “आजी, तुमच्या मुलाला आधी कावीळ झाली होती?”

हॉस्पिटलचा पेपर त्यांना दाखवावा लागला नाही. “व्हयेल व्हती,” त्या म्हणाल्या. “गावनी जडीबुटी दिन्ही. बरा व्हयना.”

“मग फॉर्म भरताना सांगितलं का नाही?”

“कोन इचारं?”

जयेशभाई घाईनं म्हणाले, “मासी, मैंने पूरा लिस्ट पढ़ा था ना?”

“हां, वाचं तुम्ही. यास्ना दोष नही, भाऊ.” भागाबाई माझ्याकडे वळल्या. “नातूना पाचवीना दिन व्हता. राते सटवाई पोरना कपायवर लिखाले येस. त्या घरमा रोगनं नाव कशाले लेवानं? मीच सांगं, इंग्रजीमा वाचा. सटवाईले इंग्रजी येस का?”

सुनंदा हळूच म्हणाली, “याचे बाबा हसत होते. अस्थमा, नो. जॉन्डिस, नो. प्रत्येक नावाला नो. म्हणाले, आज मी इंग्रजी बोललो.”

शेजारच्या कारखान्यातले लूम धडधडत होते.

मी जयेशभाईंना म्हणालो, “यांनी सांगितलेलं लिहितो. तुम्ही तुमचं सांगा.”

इंग्रजीत वाचल्याचं त्यांनी कबूल केलं, तर त्यांची एजन्सी जाणार होती. नाही म्हटलं, तर सुनंदाला काहीच मिळणार नव्हतं. खोलीचं भाडं थकलं होतं आणि धुळ्याकडे परत जावं, तर तिथं जमीन नव्हती. जयेशभाईंनी मुलाकडे पाहिलं.

“मासी सच बोलती है,” ते म्हणाले. “इंग्लिश में ही पढ़ा. लिखो, साहेब.”

शाहसाहेबांनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला. “लपवलं नाही, पण सांगितलंही नाही,” म्हणाले. “मी वर काय लिहू?”

“हेच लिहा.”

वरून उत्तर यायला पावसाळा गेला. क्लेम नामंजूर. मात्र एक्स-ग्रेशिया, म्हणजे हक्क म्हणून नव्हे तर परिस्थिती पाहून, निम्मी रक्कम मंजूर. जयेशभाईंची एजन्सी गेली. पुढे ते साड्यांच्या दुकानात बसू लागले.

चेक द्यायला मी स्वतः गेलो. भागाबाईंनी सोबतचं पत्र उलटसुलट केलं आणि माझ्या हातात दिलं.

“काय लिखेल शे?”

“आजी, यात आजाराचं नाव आहे.”

“आते वाचा. आपली भाषामा वाचा.”

मी सगळं मराठीत वाचलं. कावीळ, यकृत, मृत्यू. त्यांनी शेजारी बसलेल्या नातवाचे कान झाकले नाहीत.

तेव्हापासून नव्या एजंटांना मी एवढंच सांगत आलो: घरात पाचवी असेल, तर सहाव्या दिवशी जा.

चेक पंचवीस हजारांचा होता, सुनंदाच्या नावाचा.