सोनाळ्याच्या वाटेवर पोरांची राखण

सोनाळ्याला जाऊन सातपुड्याचा पायथा आणि संत्र्याच्या बागा बघायच्या, रात्रीच्या गाडीने परतायचं, असा माझा साधा बेत होता. वरवट बकालला तो पार विस्कटला. "येईनच आता बस," असं प्रत्येकजण सांगे आणि बस काही येईना. शेवटी वैतागून ऑटो केला.

मी बसल्यावर ऑटोवाल्याने सांगितलं, की वाटेत एका वावरात (शेतात) पाण्याची कॅन टाकायची आहे. "दोन मिनिटं लागतीन, ताई." दोन मिनिटं हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

वावरात मेळघाटातून आलेल्या बाया कापूस वेचत होत्या. कमरेला ओटी (कापूस भरायची झोळी) बांधलेली. बांधावरच्या निंबाखाली त्यांची सात-आठ पोरं, आणि ती सांभाळायला फुलवंती नावाची एकच बाई. तिच्या मांडीवरचं तान्हं तापाने फणफणलं होतं.

"दवाखान्यात का नेत नाही?"

"आज माही बारी हाये," ती म्हणाली. "ह्या पोरायले कोनाच्या भरोशावर टाकू?"

बारी म्हणजे आळीपाळी. रोज एकीने सगळ्यांची पोरं राखायची आणि बाकीच्यांनी वजनाआधी आपापल्या ओटीतला ओंजळभर कापूस तिच्या ढिगात घालायचा. वेचल्याशिवाय मजुरी नाही, म्हणून ही सोय त्यांनीच लावली होती. आजारी पोर मात्र त्या सोयीत बसत नव्हतं.

टोळीचा मुकादम बांधावर तंबाखू मळत होता. "सांजच्याले नेईन ना हे बाई."

"संध्याकाळी डॉक्टर असतात?"

"ते मले काय माहीत?"

माझा संताप अनावर झाला. "तू माझा ऑटो घेऊन जा," मी फुलवंतीला म्हटलं, "मी बसते पोरांजवळ." तोंडातून गेलं ते गेलंच.

पुढची दुपार कशी गेली ते विचारू नका. एकाने माती खाल्ली, दोघं माझ्या पाण्याच्या बाटलीवरून भांडले, एकाने ओढणी ओली केली. मला कोरकू येत नाही, त्यांना माझी मराठी कळेना. फुलवंतीची थोरली मंगरी, असेल सहा-सात वर्षांची, आई गेली त्या रस्त्याकडे तोंड करून बसली ती हललीच नाही. जेवायला चंपाबाई नावाच्या म्हातारीने भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, आणि पोरं पहिल्यांदाच हसली.

वजनाच्या वेळी फुलवंती परतली. लेकराला दोन-तीन दिवस दवाखान्यात ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तान्ह्याला घेऊनच ती कपडे न्यायला आली होती.

मुकादम लगेच म्हणाला, "एक बाई दवाखान्यात, एक पोरायजवळ. मंग वेचीन कोन? मालक दुसरी टोळी लावीन."

ऑटोवाल्याकडून नंबर घेऊन मी मालकाला फोन लावला. तो लागेना. मुकादमाशी भांडले, तर तो शांतपणे तंबाखूच मळत राहिला.

चंपाबाईने मला विचारलं, "तुमी ऱ्हाता काय उद्या, बाई?"

माझं रात्रीचं आरक्षण होतं, सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. तसं सांगितलं.

"हाव," ती म्हणाली. रागावली नाही. "तुमचंबी घर हाये."

मग तिने मंगरीला हाक मारली. उद्यापासून आई येईपर्यंत बारी मंगरीची, असं ठरलं. कोणी हरकत घेतली नाही. मी घेतली, पण मी तर निघाले होते.

फुलवंती आणि मी एकाच ऑटोत बसलो. ऑटो सुरू झाला तरी ती लेकीला कोरकूत ओरडून सांगत होती. काय, ते मी विचारलं तेव्हा कळलं: "इहिरीकडे कोनाले जाऊ देजो नोको!"

विहीर वावराच्या टोकालाच होती. जाताना पाहिली. कठडा नव्हता तिला.

"पोरगी समजदार हाये ना, बाई?" वरवट बकाल येईपर्यंत फुलवंतीने मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

सकाळी घरी पोचल्यावर सगळ्यांनी संत्र्यांबद्दल विचारलं. मी विहिरीबद्दल सांगत सुटले. "तू फार चिडतेस," असं म्हणून त्यांनी विषय बदलला. चिडू नको तर काय करू? मंगरीच्या बारीचा पहिला दिवस तेव्हा नुकताच सुरू झाला होता.