कोरमशिवाय जपान

हताश होण्याचं काम आमच्या बिल्डिंगमधल्या जपानीच्या सरांइतकं मनापासून करणारा माणूस कोपरमध्येच काय, अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नसेल. पाऊस आला तरी "संपलं" आणि नाही आला तरी "संपलं". लिफ्ट वरच्या मजल्यावर दिसली की ते बटण न दाबताच जिन्याकडे वळायचे. ती आपल्यासाठी खाली येईल ही आशाच त्यांनी सोडलेली. आम्ही वर्गात आलो की प्रत्येकाकडे बघून ते सुस्कारा सोडायचे, डॉक्टर एक्स-रे उजेडापुढे धरून सोडतात तसा. मला तो सुस्कारा आवडायचा. मी चारचौघांत फारशी बोलत नाही, आणि ज्याची माझ्याकडून काहीच अपेक्षा नाही अशा माणसासमोर बसायला मला बरं वाटतं.

सर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी कंपनीने त्यांना नव्या मशीनचं काम शिकायला जपानला पाठवलं होतं. तिथे काही महिने राहून त्यांनी पाहिलं काय, तर एक कारखाना आणि त्याचं कँटीन. भाषा मात्र तिथल्या कामगारांत बसून पक्की शिकले. न पाहिलेला बाकीचा देश त्यांच्या मनाला इतका लागून राहिला होता की घरी शिकवणी सुरू केल्यावर त्यांनी नियमच करून टाकला: आधी देश, मग भाषा. दुसरीकडे मुलं पहिल्या दिवशी 'माझं नाव अमुक' म्हणायला शिकतात. आमचं पहिलं वाक्य होतं, 'जपान हा बेटांचा देश आहे', आणि दुसरा महिना लागला तरी आम्ही त्या बेटांवरच अडकलेलो होतो.

हा देश हॉलमध्ये एका निळ्या चादरीवर मांडलेला असायचा. गुंडाळून वाकडी केलेली गोधडी म्हणजे होन्शू आणि तिच्यावर पालथी घातलेली वाटी म्हणजे फुजी पर्वत. क्यूशूच्या जागी कढई, शिकोकूच्या जागी डब्याचं झाकण, ओकिनावाच्या जागी सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, केसांच्या क्लिपा. सगळ्यात वर, उत्तरेला, होक्काइडो म्हणून पोळपाट. आम्ही पाच जण पॅसिफिक महासागरात मांडी घालून बसायचो आणि काकू साडी सावरत जपानच्या समुद्रातून चहा घेऊन यायच्या. अडचण एवढीच होती की वर्ग संपायच्या आधी पोळ्यांची वेळ व्हायची. काकू वाकून पोळपाट उचलायच्या, आणि सर ओसाड उत्तरेकडे बघत म्हणायचे, "घ्या. होक्काइडोही गेलं."

सर शिकवायचे मराठीतून आणि मी इंग्रजी शाळेतली, त्यामुळे मला जपानीच्या आधी मराठीच गाठावं लागलं. 'द्वीपसमूह' हा शब्द ऐकून मी शेजारणीला हळूच अर्थ विचारला, तर तो सरांनीच सांगितला. "आर्किपेलागो गं," ते म्हणाले. "तुझ्यासाठी परदेशी भाषा म्हणून मराठीची वेगळी बॅच काढू का?"

राज्यव्यवस्था शिकवायला त्यांनी आमची सोसायटी घेतली. सम्राट म्हणजे ए विंगमधले नव्वदीचे आजोबा. झेंडावंदनाला पहिली खुर्ची त्यांची, ते आले की सगळे उठून उभे राहतात, पण पाण्याच्या टाकीबद्दल त्यांना कोणी विचारत नाही. पंतप्रधान म्हणजे सेक्रेटरी, पदावर बसतानाच राजीनामा खिशात घेऊन आलेला. संसदेची दोन सभागृहं म्हणजे ए विंग आणि बी विंग. "त्यांना कनिष्ठ सभागृह बरखास्त करता येतं," सर सांगायचे. "आपल्याला बी विंग करता येत नाही. बाकी सगळं सारखंच." सर स्वतः कधीकाळी सेक्रेटरी होते. सभेला पुरेसे सभासद आले नाहीत, म्हणजे कोरम भरला नाही, की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग आहेत तेवढ्यांना घेऊन तीच सभा कायदेशीर चालवायची, ही आपल्याकडची पद्धत सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. लोकशाहीत आशा अशी काही असेलच तर ती त्या अर्ध्या तासात असते, असं त्यांचं मत होतं.

शेवटी आमच्या पाचातली मानपाड्याहून येणारी नर्स वैतागली. तिला जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम मिळणार होतं. "सर, मला तिकडे जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचीय," ती म्हणाली. "त्यांचं सरकार नाही चालवायचं."

"आणि आंघोळ घालताना बोलशील काय?" सर म्हणाले. "म्हातारी माणसं दोनच गोष्टी बोलतात. आपलं गाव आणि आताचं सरकार."

ती हसली, पण पुढच्या आठवड्यापासून नोकरीची हमी देणाऱ्या एका ऑनलाइन क्लासला जाऊ लागली. तिच्यामागून बाकीचेही एकेक करून गळले. याची काळजी सरांपेक्षा काकूंना जास्त होती. त्यांच्या पुण्यातल्या मुलाने दोघांना कायमचं तिकडे बोलावलं होतं आणि बॅच अर्धी सोडून कसं येऊ, एवढ्या एका सबबीवर सरांनी त्याला थोपवून धरलं होतं. "ही बॅच मोडली की आम्ही निघालो बघ," कप गोळा करताना काकू मला म्हणाल्या. "ह्यांचा जीव नाही गं लागायचा तिथे. इथे निराश व्हायला ओळखीची माणसं तरी आहेत."

मग एका रविवारी मी एकटीच गेले. चादर नेहमीसारखी अंथरलेली होती. सरांनी दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "कोरम नाही. सभा अर्धा तास तहकूब." आम्ही चहा प्यायलो. काकूही येऊन समुद्रात बसल्या. जिन्यात पावलं वाजली की तिघंही कान टवकारायचो. ती वरच्या मजल्यावर निघून जायची. अर्धा तास झाल्यावर सरांनी चादरीची सुरकुती सरळ केली. "आता आहेत तेवढ्यांवर सभा कायदेशीर," ते म्हणाले. "बोला."

आहेत तेवढ्यांत मीच होते. मी उठून उभी राहिले आणि उत्तरेकडून सुरुवात केली. होन्शूपर्यंत आवाज थरथरत होता, फुजीनंतर स्थिरावला. डोंगर सांगितले, समुद्र सांगितले, राज्य न करणारा सम्राट, दोन सभागृहं, पंतप्रधान, सगळं जपानीत. पोळ्यांची वेळ होऊन गेली. काकूंनी एकदा पोळपाटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मी ओकिनावाच्या शेवटच्या क्लिपेपाशी थांबले तेव्हा सर बराच वेळ चादरीवर काहीतरी शोधत राहिले.

"एकही चूक नाही," ते अत्यंत दुःखाने म्हणाले. "संपलं."

पुढच्या महिन्यात ते पुण्याला गेले. आता दर रविवारी वर्गाच्या वेळेला त्यांचा फोन येतो. माझ्या जपानीची ते चौकशी करत नाहीत. खाडीकडचा रस्ता झाला का, स्टेशनबाहेरचा केळीवाला तिथेच बसतो का, हे आधी. मग आवाज खाली आणून, सेक्रेटरी कोण झालं, टाकीचं काय ठरलं, बी विंग सभेला आली होती का. त्यांना सांगता यावं म्हणून मी आता नोटीस बोर्ड वाचते आणि सभेला जाऊन मागच्या खुर्चीत बसते. तिथेही मी बोलत नाही. फोनवर मात्र खाडीपासून सुरुवात करून गेटपर्यंत सगळं क्रमाने सांगते. प्रत्येक बातमीला पलीकडून "संपलं" येतं. माझ्याजवळचं सगळं सांगून झालं की एक लांब सुस्कारा येतो, आणि जरा वेळाने सर हळूच विचारतात, "आणखी?"