यादीत असूनही न सापडणारे मास्तर

नागवेणी आमच्या कंपनीत सगळ्यात मोठी. हुद्द्याने नाही, वयाने. सेहेचाळिसाव्या वर्षी अजून प्रोग्रॅम लिहीत बसलेलं माणूस बंगळुरात विरळाच. या वयात लोक एकतर मॅनेजर झालेले असतात, नाहीतर चिक्कमगळूरला कॉफीचा मळा घ्यायच्या गप्पा मारत असतात. तिने आधी सहा वर्षं तिपटूरच्या शाळेत गणित शिकवलं आणि तिशी उलटल्यावर या कामात शिरली. गेली अकरा वर्षं मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसतो.

आम्ही वाचनालयांसाठी कन्नड सॉफ्टवेअर करतो. वाचकांची नावं, पुस्तकांची देवघेव, ओळखपत्रं, सगळं त्यात. चाळीसेक वाचनालयं ते वापरतात. गेल्या वर्षी सागरच्या रंगप्पा स्मारक वाचनालयातून एक तक्रार आली: ‘वाचकाचं नाव यादीत दिसतं, पण शोधलं की सापडत नाही.’

आमच्या पोरांनी तेच नाव इथे टाकून पाहिलं. लगेच सापडलं. तक्रार बंद करायची तर आमच्या यंत्रणेत अकरा कारणांतलं एक निवडावं लागतं, आणि ‘कळलं नाही’ हे कारण त्या अकरांत नाही. म्हणून कुणीतरी ‘वापरणाऱ्याची चूक’ निवडलं. महिन्याभरात तीच तक्रार चौथ्यांदा आली तेव्हा ती नागवेणीच्या वाट्याला गेली.

तिने दोन दिवस त्यातच घातले. चाचण्या चालवायच्या तर एकेका फेरीला चाळीस मिनिटं लागत. त्यात मंगळवारी नवी आवृत्ती आपोआप बसली आणि तिचं जुळवून ठेवलेलं सगळं मोडलं. मी चिडलो असतो. ती खाली बेकरीत गेली, खारा बन घेऊन आली आणि खाता खाता म्हणाली, “आपण सगळे विचारतोय की हे का चालत नाही. पण आपल्याकडे ते का चालतं?”

आमचा टीम लीड वसंतकुमार, वय एकतीस. त्याला तिने सांगितलं, “मी सागरला जाऊन येते.”

“वेणीअक्का, फोन करा ना. एका नावासाठी कोण एवढं लांब जातं?”

“फोनवर त्यांची बोटं दिसत नाहीत रे.”

शिवमोग्ग्यापर्यंत रेल्वे आणि पुढे बस असं करून ती गेली. तिथे काय झालं ते तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे होतो असं वाटतं.

वाचनालयात संगणक सांभाळायच्या त्या सरोजम्मा, पन्नाशीच्या. त्यांच्या टेबलापुढे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उभे होते. निवृत्त शिक्षक, अब्दुलखादर मास्तर. तक्रार त्यांच्याच नावाची.

“बंगळुराहून आलात?” मास्तर म्हणाले. “बरं झालं. मी इथे उभा आहे, आणि तुमचं यंत्र म्हणतं असा माणूसच नाही. आमच्या घरी बायको तरी अधूनमधून कबूल करते.”

नागवेणीने सरोजम्मांना सांगितलं, “तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मी नुसती बघते.”

सरोजम्मांनी मास्तरांचं नाव टाकून शोधलं. नाही सापडलं. मग नागवेणीने तेच नाव नोंदवताना टाकतात तसं टाकून दाखवायला सांगितलं, जतन न करता, आणि त्यांच्या हातांकडे बघत राहिली. ‘ल’पाशी सरोजम्मांनी पाय मोडायचं बटण दोनदा दाबलं. शोधताना एकदाच दाबलं होतं. कन्नडमध्ये अशा ‘ल’चा पाय मोडूनच लिहावा लागतो, आणि मग पुढचं अक्षर त्याच्याखाली जाऊन बसतं.

“इथे दोनदा का?”

“एकदा दाबलं तर ‘ख’ जाऊन ‘ल’च्या पायाशी लोंबतो. अब्दुल्खादर. दोनदा दाबलं की ‘ल’ सुटा राहतो. माणसाचं नाव कायमचं लिहायचं तर नीट नको का दिसायला?”

“आणि शोधताना?”

“शोधताना कोण बघतंय?”

दुसऱ्यांदा दाबल्यावर तिथे एक अक्षर उमटत होतं. दिसत नाही, वाचता येत नाही, पण दोन अक्षरांना जुळू देत नाही. संगणकाच्या लेखी मात्र तेही अक्षरच. म्हणजे नोंदवलेले मास्तर निराळे आणि शोधलेले निराळे. आमची पोरं दोन्ही वेळा एकदाच बटण दाबायची, म्हणून इथे सगळं सुरळीत.

ती परत आली आणि वसंतकुमारने दोन मिनिटांत उपाय काढला. “सगळ्या नोंदींतून ते अक्षर पुसून टाकू. विषय संपला.”

नागवेणी आपल्या संगणकापाशी गेली. तिने ते अक्षर काढून एक ओळखपत्र छापलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यावर कन्नडमध्ये नाव होतं: वसंत्कुमार. ‘त’च्या पायाशी ‘कु’ लोंबत होता.

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. “हा कोण?”

“तूच. वाचता येतंय ना?”

“येतंय, पण असं कोण लिहितं?”

“सरोजम्माही तेच म्हणतात.”

मग तिने निराळं केलं. नोंदवताना आणि छापताना अक्षर जसंच्या तसं, फक्त शोधताना त्याच्याकडे काणाडोळा. सगळा मिळून सहा ओळींचा प्रोग्रॅम. तो सगळ्याच वाचनालयांत गेला आणि जिथून कधी तक्रारच आली नव्हती तिथलेही वाचक सापडू लागले. त्या लोकांनी बहुधा यंत्राचं म्हणणं मान्य करून वाचनालयात येणंच सोडलं असावं. या गोष्टीचं तिला वाईट वाटलं. किती जण असतील, हे ती बरेच दिवस मला विचारत होती.

आठवड्याने सरोजम्मांचा फोन आला. नागवेणीने तो मला ऐकू येईल असा लावला.

“मॅडम, मास्तर सापडले. पण तिघे सापडले.”

“तिघे?”

“सापडत नव्हते म्हणून मीच दोनदा नव्याने घातले होते. आता एका वाचकाला तीन अशी तिघांच्या नावावर मिळून नऊ पुस्तकं मिळतात, आणि मास्तर म्हणतात तसंच राहू द्या.”

नागवेणी इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग तिने विचारलं, “आणखी कुणाकुणाला दोनदा घातलंत, सरोजम्मा?” पलीकडून नावं येऊ लागली आणि ती एकेक लिहून घेत गेली.