यादीतलं माझं नाव

शनिवार उजाडला की माझे पाय वळवळायला लागतात. सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या मैदानावर आमची फ्लॅग फुटबॉलची टीम जमते. अमेरिकन फुटबॉलच, पण कुणाला आडवं पाडायचं नाही. बॉल घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची फीत ओढली की तो थांबला. चव्वेचाळीसाव्या वर्षी, कुरकुरता गुडघा घेऊन मी त्यात आहे. "हाडं मोडून घे एकदाची," असं बायको दर आठवड्याला म्हणते.

आमचा कोच म्हातारा अमेरिकन. हा खेळ नवा होता तेव्हा त्याचे आजोबा चामड्याची टोपी घालून खेळायचे, आणि टीमचे कोचही तेच. गडी तेच निवडायचे, स्वतःला तर हमखास.

"मग थांबले कधी?" मी एकदा विचारलं.

"एका सकाळी यादीत स्वतःचं नावच लिहिलं नाही. पुढे कितीतरी वर्षं नुसते कोच. पण घरी कधी स्वस्थ बसले नाहीत, जेवणातून उठून येरझाऱ्या घालायचे."

ऐकून मला कसंतरीच झालं.

पुढे म्हातारा मायदेशी परतला आणि कोचपद माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच मॅचला उतरवायचे पाच गडी. पाचव्या जागेची खरी हक्कदार पाया लेबारच्या बँकेत काम करणारी एक मुंबईची मुलगी होती. काय पळायची! पण मी तिला बसवलं आणि स्वतः उतरलो. का? मला खेळायचं होतं, बस्स!

शेवटच्या मिनिटाला बॉल माझ्याच हातात आला. समोरची रेषा दोन पावलांवर, ओलांडली की गुण आमचे. इतक्यात मागून कुणाचा तरी हात शर्टात अडकला, आणि शाळेत घोटवलेली कबड्डी अंगात आली: पकड बसली की झेप मधल्या रेषेकडे! मी गर्रकन वळलो आणि उलट्या दिशेला सूर मारला. सगळं मैदान खो खो हसलं. आम्ही हरलो. ती मुलगी तेवढी हसली नाही. "दादा, लागलं का हो?" म्हणत तिनं हात दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाभर झोप धड नाही, कामात लक्ष नाही. पुढच्या शनिवारी मी यादी वाचली. पाचवं नाव तिचं.

"आणि तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी कोच आहे," मी म्हणालो.

खेळ सुरू झाला. तिनं बॉल पकडला आणि सुसाट सुटली. रेषेबाहेरून मीही तिच्या बरोबरीनं पळत होतो, गुडघा बोंबलत असताना, मैदान संपेपर्यंत.